लॉकवालं की बिनलॉकचं?

दुकानात शिरणारा माणूस आधी माझ्याकडे कधीच बघायचा नाही. तो भिंतीवरच्या बारा बोरच्या बंदुका बघायचा, मग काचेचं कपाट, मग शंकराची तसबीर, आणि सगळ्यात शेवटी त्या तसबिरीखाली बसलेला चष्मेवाला किडकिडीत इसम. मग विचारायचा, "मालक नाय का?" बंदुकांच्या दुकानाचा मालक झुपकेदार मिशांचा असावा, अशी लोकांची समजूत. मला मिशी कधी धड फुटलीच नाही. तरीही मुरबाडच्या बाजारपेठेत मी तीस वर्षं हे परवान्याचं दुकान चालवलं, आणि मी विकलेल्या हत्यारानं त्या तीस वर्षांत एकही माणूस मेला नाही. हे मी अभिमानानं सांगत आलो. पण एक माणूस वाचला तो माझ्या हुशारीनं नव्हे, माझ्या चुकीनं वाचला. ती गोष्ट आता सांगायला हरकत नाही. नावं तेवढी बदलली आहेत.

आमचं घराणं लोहाराचं. वडील विळे-कोयते घडवायचे आणि जोडीला डोंगरातल्या लोकांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. पुढे परवाना मिळाला, दुकान झालं, पण लोकांनी आम्हाला शेठ काही म्हटलं नाही. वडील मिस्त्री, म्हणून मीही मिस्त्री. धंदा बराचसा कंटाळवाणा. भातात रानडुकरं घुसतात म्हणून शेतकऱ्यांना बंदुकीचा परवाना मिळतो. त्या बंदुका तपासायच्या, नळी साफ करायची, गंज काढायचा. निवडणूक आली की लोकांची हत्यारं जमा करून घ्यायची आणि निकालानंतर परत द्यायची. दसऱ्यानंतर आठवडाभर तर मला श्वास घ्यायला फुरसत नसे. पूजेत हत्याराला हळद-कुंकू, खोबरेल, झेंडूच्या पाकळ्या असं सगळं मनोभावे वाहिलेलं असायचं, आणि ते बाहेर काढायला मी. एका पाटलांच्या पिस्तुलाच्या लॉकमधून मी अक्षतेचे तीन दाणे काढले होते. लॉक अर्ध्यावर अडकलेलं, धड बंद नाही, धड उघडं नाही. पाटील म्हणाले, "देवाचा तांदूळ हाय, फेकू नका." मी कागदात पुडी बांधून दिली.

कमरेला लावायच्या हत्यारांचं गिऱ्हाईक नव्वद सालानंतर वाढलं. रस्त्यालगतच्या जमिनींना भाव आला, मुंबईचे लोक फार्महाऊस बांधू लागले. वीटभट्टीवाले, गवताचे व्यापारी, जमिनीचे दलाल, सगळ्यांनाच एकमेकांची भीती वाटू लागली. ठाण्याहून परवाना मंजूर करून घेऊन माणूस यायचा आणि खुर्चीत टेकला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "मिस्त्री, लॉकवालं घेऊ की बिनलॉकचं?"

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिव्हॉल्व्हरला गोल फिरणारी चकरी असते, तिच्यात गोळ्या. तिचा चाप जड असतो, लांबवर ओढावा लागतो, आणि आमच्याकडे जी रिव्हॉल्व्हरं यायची त्यांना वेगळं लॉक नसायचं. पिस्तूल चपटं असतं, गोळ्यांची पेटी मुठीत सरकवायची. त्याच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी एक पट्टी असते. उजव्या हातात पिस्तूल धरलं की अंगठा बरोबर तिच्यावर जातो. पट्टी वर असेल तर चाप हलत नाही. अंगठ्यानं खाली दाबली की मोकळं. पुस्तकात तिला सेफ्टी म्हणतात, आमच्याकडे सगळे लॉकच म्हणत.

या लॉकबद्दल दोन टोकांची माणसं भेटली. शेणव्याजवळ फार्महाऊस बांधलेल्या एका मुंबईच्या गृहस्थांचा लॉकवर देवाइतका भरवसा. भरलेलं पिस्तूल ते सोफ्याच्या उशीखाली ठेवत. मी बोललो तर म्हणाले, "अहो मिस्त्री, लॉक आहे ना!" मी म्हटलं, "साहेब, दाराला कडी आहे म्हणून घरात बिबट्या पाळाल का?" त्यांना राग आला, दोन वर्षं फिरकले नाहीत. मग एक दिवस पेढे घेऊन आले. नातू रांगायला लागला होता आणि त्यांना पिस्तूल विकायचं होतं.

दुसरं टोक म्हणजे उंबरमाळीकडचे एक निवृत्त हवालदार. "लॉक म्हंजे भित्र्याचं काम. टायमाला अंगठा चाचपत बसायचा का?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. घाबरलेल्या माणसाची बोटं त्याचं ऐकत नाहीत, हे खरंच आहे. पण त्याच हवालदारांनी बिनलॉकचं रिव्हॉल्व्हर साफ करताना एक गोळी भाताच्या कणगीत घातली. पुढे वर्षभर त्यांची सून भात पाखडताना शिसं शोधत होती, आणि सासऱ्यांना रोज सकाळी त्याची आठवणही करून देत होती.

माझा आपला साधा हिशेब होता. घरात लेकरू असेल तर लॉक, एकटा आणि थंड डोक्याचा माणूस असेल तर बिनलॉक. त्याउपर मी गिऱ्हाइकाचा हात बघायचो. पंजा केवढा, बोटं किती लांब, अंगठा कुठवर पोचतो. "मी माणूस बघून नाही, हात बघून हत्यार देतो," असं मी चारचौघांत सांगायचो. मिशी नव्हती, तेव्हा फुशारकी तरी हवीच ना.

सुमनबाई दुकानात आल्या तेव्हा नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. वैशाखरे बाजूच्या. त्यांचे यजमान गवताचे व्यापारी, माझंच गिऱ्हाईक. रिव्हॉल्व्हर त्यांनी माझ्याकडूनच नेलं होतं. ते काविळीनं गेले आणि वारस म्हणून परवाना बाईंच्या नावावर झाला. त्यांची जमीन रस्त्याला लागून. धाकट्या दिरानं, धर्मानं, आपला हिस्सा एका दलालाला विकून टाकला होता, आणि आता त्या दलालाला शेजारचा बाईंचा तुकडाही हवा होता. निरोप येत होते, धमक्या येत होत्या. घरात बाई आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी, दोघीच.

"मिस्त्री, ह्यांचंच ठेवू का दुसरं घेऊ?" नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर समोर ठेवून त्यांनी विचारलं. "पोर कशालापन हात लावते. मला त्या लोकांपरीस त्याचीच जास्त भीती वाटते."

मुलगी म्हटल्यावर माझं ठरलंच. कपाटातून लॉकचं पिस्तूल काढलं, रिकामं आहे ते दोनदा दाखवलं आणि पुढे केलं. बाईंनी हात पदराला पुसला, उजव्या हातानं पिस्तूल घेतलं, कपाळाला लावलं आणि मग धरलं. अंगठा बरोबर पट्टीवर गेला. मी त्यांच्याकडून दहा वेळा पट्टी वर-खाली करून घेतली. अकराव्या वेळी त्या न बघता करू लागल्या. "झक्कास," मी म्हटलं. परवान्यावर बदलाची नोंद झाली आणि त्या रिव्हॉल्व्हर माझ्याकडे सोडून पिस्तूल घेऊन गेल्या. मला वाटलं, आज एक काम अगदी मनासारखं झालं.

दिवाळीनंतर, भात झोडणीच्या दिवसांत, पस्तिशीचा एक माणूस दुकानाबाहेर बराच वेळ उभा दिसला. आतलं गिऱ्हाईक गेल्यावर तो आत आला. भिंतीकडे नाही, कपाटाकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं.

"मी धर्मा. सुमनवयनीचा दीर. तिच्या पिस्तुलात बिघाड हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चालत नाय ते."

"कुणी चालवून बघितलं?"

त्यानं एकदा दाराकडे बघितलं. "वयनीनं," तो म्हणाला, "माज्यावर."

मी उठून त्याला पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी भर दुपारी दलालाची चार माणसं सिमेंटचे खांब घेऊन बाईंच्या शेतात गेली. घरचा माणूस सोबत असला की बरं, म्हणून धर्माला पुढे घातलेलं. बाई खळ्यावरून धावत आल्या आणि खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात उभ्या राहिल्या. मुलगी आईला बिलगायला गेली, तिला एकानं बाजूला ढकललं, ती पडली. तेवढ्यात धर्मा म्हणाला, "वयनी, सही करून टाक, सोड नाद." आणि बाईंनी कमरेचं पिस्तूल काढलं.

"चार हात लांब व्हती. ती चौघं खांब टाकून पळाली. मी नाय हललो. हलताच नाय आलं. तिनं चाप दाबला, मिस्त्री. बोट पांढरं झालेलं मी बघितलं. दोनदा दाबला. काय झालं नाय."

"मग?"

"मग काय? घरी गेलो. दोन दिस अन्न नाय गोड लागलं."

मला वाटलं, आता हा पोलिसांत जाणार, बाईंचा परवाना जाणार, कदाचित माझंही दुकान. मी चाचरत विचारलं, "तक्रार करायची आहे का?"

"तक्रार कसली? दुरुस्त करा बोलतोय मी." तो एकदम चिडला. "ती लोकं परत येतील. त्यांना वाटतंय, वयनीनं दाबलंच नाय, म्हनून भिऊन हायेत. उद्या कळलं का ती वस्तूच चालत नाय, मंग तिला कोन वाचवील? मी? माजं तोंड तरी हाय का तिच्यासमोर जायला?"

जाता जाता दारातून वळून म्हणाला, "मी आलतो ते तिला सांगू नका."

माझ्या दुकानात नाना तऱ्हेची माणसं आली, पण आपल्यावर न चाललेलं पिस्तूल दुरुस्त करा म्हणून सांगायला आलेला हा एकच.

वार्षिक तपासणी आहे, असा निरोप पाठवून मी बाईंना बोलावून घेतलं. दोन दिवसांत त्या आल्या. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, "द्या." त्यांनी कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढलं, पटकन दुसऱ्या हातात घेतलं आणि मला दिलं. क्षणाचंच काम, पण या खेपेला मी बघितलं. म्यान डाव्या कमरेला होतं. पिस्तूल डाव्या हातानं निघालं आणि माझ्यापर्यंत आलं ते उजव्या हातानं.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या?"

"व्हय. लहानपनी आयनं हाताला चटके दिले, म्हनून जेवते नि लिवते उजव्यानं. बाकी सगळा डाव्यानंच. माजा विळापन डावा हाय. तुमच्याच बापानं करून दिलेला."

"मग त्या दिवशी इथं उजव्या हातात का धरलंत?"

मला वेड लागल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हत्याराला पयला हात डावा लावतात का, मिस्त्री?"

खरंच होतं. आमच्याकडे नवी वस्तू डाव्या हातानं कुणी घेत नाही, देत नाही. हत्यार तर देवाचंच. ते उजव्या हातानंच घेणार, हे मला कळायला हवं होतं. माझे वडील विळा मागायला आलेल्या प्रत्येकाला आधी विचारायचे, "डावा का उजवा?" धारेचा उतार त्याप्रमाणे बदलावा लागतो. वडील चार आण्याच्या विळ्याला जे विचारत, ते मी पिस्तुलाला कधी विचारलं नाही. हात बघून हत्यार देणारा मी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिस्तूल तपासलं. बिघाड काही नव्हता. रिकामं करून ते मी त्यांच्या डाव्या हातात दिलं. अंगठा दुसऱ्या अंगाला गेला. तिथं नुसतं कोरं लोखंड. तो तिथं वर-खाली शोधत राहिला. मी काही बोलायच्या आधीच बाईंना कळलं.

"म्हंजे लॉक निघालंच नाय."

"नाही निघालं."

त्या बाकावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. "मला वाटलं देवानंच धरलं. खोटा नाय बोलत, मिस्त्री, मी दाबला व्हता. भावोजींवर. पोर पडली नि माजं डोकंच फिरलं. मी लगीन होऊन आले तवा भावोजी धा वर्सांचे व्हते. सासू नव्हती, माज्याच ताटात जेवायचे. आता दारावरनं जातात, पन मान वर करत नायत. त्यांना ठाव हाय, मी दाबला ते."

मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. यजमानांचं रिव्हॉल्व्हर अजून माझ्याकडेच आहे. त्याला लॉक नाही, कुठल्याही हाताला चालतं. ते परत न्या, नोंदीचं मी बघतो. तुम्ही सांगाल तसं."

"तुमी काय बोलता? कंचं घेऊ?"

हजारदा दिलेलं उत्तर त्या दिवशी मला देता येईना. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत."

त्यांनी डोळे पुसले. दोन्ही हत्यारं समोर होती. नवऱ्याच्या रिव्हॉल्व्हरवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि ते माझ्याकडे सरकवलं. "लॉकवालंच ऱ्हाऊ दे."

मग मी त्यांना दोन हातांची रीत शिकवली. डाव्या हातात धरायचं आणि उजव्या अंगठ्यानं लॉक काढायचं. म्हटलं, "वेळ लागतो हं थोडा."

"लागू दे," त्या म्हणाल्या. "दुसरा हात लावीपर्यंत समोर कोन हाय ते तरी दिसंल."

चार दिवसांनी धर्मा पुन्हा हजर. "झालं का दुरुस्त?"

"बिघाड नव्हताच. लॉक लागलेलं होतं."

पुढचं सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं. डावा हात, उजवा हात, माझी चूक. पण तो मटकन बाकावर बसला, चार दिवसांपूर्वी त्याची वहिनी बसली होती त्याच जागी. "म्हंजे वयनीनं लॉक काढलंच नव्हतं?"

"नाही काढलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं डोळ्यांदेखत उतरलं. तो हसला, हसता हसता रडला. "म्हंजे तिला मला मारायचं नव्हतं. नुसतं भिववलं. तरी मी बोलतो, वयनी असं करील कशी?" मी खण उघडून त्यात काहीतरी शोधायला लागलो. त्या खणात काहीच नव्हतं.

पुढे त्यानं दलालाला तोंडावर सांगितलं की वहिनीच्या बांधाला हात लावलात तर साक्षीला मीच उभा राहीन. घरचाच माणूस उलटला म्हटल्यावर दलालानं नाद सोडला. जमीन राहिली. पुढच्या दसऱ्याला दीर-वहिनी दोघं मिळून मला सोनं द्यायला दुकानात आले, आणि मग दर दसऱ्याला येत राहिले. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून धर्मा दर वर्षी न चुकता म्हणायचा, "मिस्त्री, तुमचं लॉक जाम भारी!" आणि मी दर वर्षी खण उघडायचो.

माझ्या कामात एक बदल मात्र कायमचा झाला. कमरेचं हत्यार दाखवण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या अंगावर एक लिंबू फेकायचो. "झेला!" अचानक आलेल्या वस्तूला जो हात पुढे होतो, तो त्या माणसाचा खरा हात. कारण कधी कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, मिस्त्री हत्याराची नजर काढतो. दोघा-तिघांनी ते लिंबू घरी नेऊन दाराला बांधल्याचंही माझ्या कानावर आलं.

पण मनातला सल गेला नाही. अर्धं सत्य सांगून मी एका माणसाला वर्षानुवर्षं फसवत होतो, आणि तो भाबडेपणानं माझं कौतुक करत होता. दुकान बंद केलं त्या दिवशीसुद्धा त्यानं खांद्यावर हात ठेवून लॉकचीच आठवण काढली. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, पण धीर झाला नाही.

गेल्या वर्षी धर्मा गेला. साधा आजार, घरच्या माणसांत गेला. मी भेटायला गेलो तेव्हा सुमनबाई ओटीवर बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. माणसं पांगल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, एक गोष्ट मनात राहिली आहे. धर्माला मी त्या वेळी सगळं नाही सांगितलं. तुम्ही लॉक काढलं नव्हतं, एवढंच सांगितलं. तुमच्या हातानं ते निघण्यासारखं नव्हतं, हे मी लपवलं."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांना ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. पयल्या दसऱ्याला, तुमच्या दुकानात यायच्या आदी, वाटंत. मी दाबला व्हता, डावा हात म्हनून लॉक नाय निघालं, सगळं सांगितलं. त्यांच्यासंगं तुमाला सोनं द्यायला यायचं नि मनात असं ठेवायचं, बरं नाय वाटलं."

पंधरा-सोळा दसरे माझ्यासमोर उभे राहिले.

"मग? काय म्हणाला तो?"

बाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, पण ओठांवर हसू होतं. "बोलले, वयनी, मला ठाव हाय ते मिस्त्रीला नको सांगू. त्यानं माज्यासाठी लपवलंय. त्याला वाईट वाटंल."